चिकटरावांचं काळं चित्र

जगाकडे तुच्छतेनं बघायला श्रीमंती लागत नाही, नऊ पायऱ्यांची शिडी पुरते. चिकटरावांकडे तशी शिडी होती आणि चौतीस वर्षं त्यांनी तिचा पुरेपूर वापर केला. वरून माणसाची टाळू दिसते. टाळूवरचं टक्कल दिसतं. ते झाकायला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ओढून आणलेले सात-आठ केस दिसतात. एकदा माणूस असा पाहिला की तो न्यायाधीश असो नाहीतर न्हावी, त्याच्याविषयी आदर म्हणून काही शिल्लक राहत नाही.

चिकटराव हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. आईबापांनी चारचौघांसारखं नाव ठेवलं होतं. पण हात कायम खळीनं माखलेले, त्यामुळे त्यांच्याशी हात मिळवणाऱ्याला नंतर स्वतःचा पंजा सोडवून घ्यावा लागे. लोकांनी हे नाव दिलं आणि ते असं घट्ट बसलं की सासूबाईसुद्धा दाराशी येऊन "चिकटराव आहेत का घरात?" असं विचारू लागल्या.

काम म्हणाल तर शहरातल्या संगीतगृहाच्या कार्यक्रमांची पोस्टरं भिंतीभिंतीला लावायची. आता पोस्टर लावणं म्हणजे काय, कुणीही लावील, असं ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दल चिकटरावांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. मैद्याची खळ किती शिजवायची, मुंग्या-झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद किती घालायचं, कुंचा आधी भिंतीवर फिरवायचा का कागदावर, मधली हवा कोणत्या बाजूनं बाहेर काढायची, हे सगळं त्यांनी कुणाकडूनही न शिकता शिकून घेतलं होतं. त्यांचं पोस्टर पावसानं निघत नसे, उन्हानं सुटत नसे. घरमालकांनी खरवडायला घेतलं तर भिंतीचा गिलावा हातात येई, पोस्टर जागेवर.

"लोक गाणं ऐकायला येतात ते माझ्या खळीमुळे," असं ते म्हणायचे. "भिंतीवर नाव दिसलं नाही, तर या गवयांना त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही."

गंमत अशी, की चौतीस वर्षं संगीतगृहाचं खाल्लं, पण हा गृहस्थ आत एकदाही बसला नाही. त्यांची खोली होती रंगमंचाच्या बरोब्बर मागे. पत्र्याचं छप्पर, एक शेगडी, दोन बादल्या आणि पोस्टरांची भेंडोळी. खोलीची एक भिंत तीच, जी रंगमंचाची मागची भिंत; दीड हात जाडीची, दगडी. संध्याकाळी आत कार्यक्रम चालू असे तेव्हा चिकटराव इकडे दुसऱ्या दिवसाची खळ ढवळत असत. असे किती कार्यक्रम त्यांनी त्या भिंतीतून ऐकले, त्याची गणती नाही. आणि जेवढं ऐकलं तेवढ्यावर संगीताबद्दल त्यांची मतं पक्की झाली होती.

आता दीड हात दगडातून काय येणार? ढोलाचे ठोके येत. माणसाएवढं ते उभं व्हायोलिन असतं ना, उभ्यानंच वाजवायचं, त्याचा घुमारा येई. जमीन हलल्यासारखं काहीतरी येई. व्हायोलिनं, गळे, बासऱ्या ही वरची मंडळी त्या दगडाला डोकं आपटून तिथेच परत फिरत. पण चिकटरावांना हे कोण सांगणार? त्यांच्या लेखी जे ऐकू आलं ते संगीत, आणि जे आलं नाही ते वाजलंच नाही.

त्यातूनच त्यांचा तो बासरीवालीवरचा राग. बासरीवाली म्हणजे संगीतगृहाचा मुकुटमणी. तिचं नाव पोस्टरवर हातभर लांबीच्या अक्षरांत. चिकटरावांनी ते नाव हजारो वेळा भिंतीला लावलं आणि बाईचा एक आवाज म्हणून कधी ऐकला नाही. त्यांनी सरळ हिशेब केला, ही बाई वाजवतच नाही. नटूनथटून येते, बासरी तोंडाशी धरते, टाळ्या घेते आणि घरी जाते.

"अहो, असं कसं असेल?" चहाच्या दुकानातला शेजारी म्हणायचा. "एवढी माणसं ऐकतात ना."

"माणसं!" चिकटराव कप खाली ठेवून म्हणत. "माणसांना काय, शेजारचा मान डोलावतोय म्हटलं की हाही डोलावतो. सगळं काम करतो तो बिचारा खर्जवाला. दोन-दोन तास घाम गाळतो, आणि पोस्टरवर त्याचं नाव बघा. मुंगीच्या पायाएवढं. तेही कधी कधी मलाच भिंतीच्या खालच्या कडेला दुमडावं लागतं."

हा खर्जवाला म्हणजे उभं व्हायोलिन वाजवणारा. चिकटराव त्याच्याशी कधी एक शब्दही बोललेले नव्हते, पण जगात ज्या एका माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, तो हा.

मग संगीतगृहाच्या दारावर विजेच्या अक्षरांची पाटी बसली. नावं आपोआप सरकू लागली, लाल, हिरवी. व्यवस्थापकांनी चिकटरावांना बोलावून गुच्छ दिला, खोलीची किल्ली परत घेतली. चिकटरावांनी गुच्छ वरून खालून पाहिला. "फुलं तारेनं बांधलीत," ते म्हणाले. "डिंकसुद्धा नाही." आणि घरी आले.

घरी बसलेला नवरा म्हणजे काय, ते बायकोला विचारावं. पहिल्या आठवड्यात चिकटरावांनी कपाटातले जुने कागद बदलून खळीनं नवे बसवले. दुसऱ्या आठवड्यात सुटू लागलेली वहाणेची टाच चिकटवली. तिसऱ्या आठवड्यात घरात चिकटवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवू लागले. बायको वैतागली होती, पण तोंडानं बोलली नाही. ती एका बाईकडे गेली.

ही बाई म्हणजे दातांची डॉक्टरीण. आठवडाभर दात उपटायची आणि रविवारी दवाखान्यातच एक मंडळ भरवायची. मंडळाचं काम असं, की टेबलाभोवती बसायचं, रेकॉर्ड लावायची आणि ती ऐकता ऐकता रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून चित्र करायचं. संगीतातून चित्र. मंडळात एक निवृत्त शिक्षक, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आणि स्वतः डॉक्टरीणबाई. त्यांची अडचण एकच, दुकानातल्या डिंकानं लावलेले कागद दुसऱ्या रविवारी कडेनं कुरळे होऊन बसत. चिकटरावांची बायको म्हणाली, "आमचे हे खळ करतील की. तेवढाच वेळ जाईल त्यांचा." आणि मनात म्हणाली, माझाही.

चिकटराव बादली घेऊन रविवारी हजर झाले आणि दारातच थांबले. भिंतीवर दाताच्या कवळीचं चित्र, खाली चार माणसं कात्र्या घेऊन गंभीर चेहऱ्यानं बसलेली, आणि कोपऱ्यात रेकॉर्डवर बासरी चाललेली. रेकॉर्ड घासली असेल म्हणून हा आवाज येतोय, असं चिकटरावांना वाटलं.

"या काका, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बघा, आता बासरी आहे, म्हणून आम्ही निळा घेतलाय."

"का?"

"का म्हणजे? बासरी निळीच असते ना."

"कोण म्हणतं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. दात उपटायच्या आधी हसतात तसं. "ते आतून जाणवतं, काका."

"आणि ढोल?"

"लाल!" शिवणकामवाल्या दोघी एकदम म्हणाल्या.

"आणि दुःख असलं की जांभळं," शिक्षकांनी भर घातली. त्यांच्या चित्रात मधोमध एक फुलपाखरू होतं. चिकटरावांनी पाहिलं, ते फुलपाखरू एका साबणाच्या वेष्टनावरून कापून घेतलेलं होतं. बेसन घोटावं तशी खळ ढवळत चिकटराव मनातल्या मनात म्हणाले, ही माणसं डोळ्यांनी ऐकतात आणि कानांनी कापतात. मग उघड म्हणाले, "हवा राहिलीये खाली. बोटानं नाही, मुठीच्या कडेनं दाबा. मधून बाहेर. अहो बाहेर म्हणजे बाहेर, फुलपाखराच्या पोटात नव्हे."

दर रविवारी जाऊ लागले मात्र. नावं ठेवायला चार माणसं एका खोलीत, तीही बसलेली. शिडी लागत नव्हती.

दोनेक महिन्यांनी डॉक्टरीणबाई एक कागद फडकावत आल्या. संगीतगृहानं ठरवलं होतं, की आतल्या दालनातल्या मोठ्या पांढऱ्या भिंतीवर एक चित्र कायमचं लावायचं. संगीतावरून केलेलं, कागद चिकटवून केलेलं. कुणीही भाग घ्यावा. अट एवढीच, की सगळ्यांनी एकच कार्यक्रम आत बसून ऐकायचा आणि पंधरा दिवसांत त्याचं चित्र द्यायचं. निवड करायला व्यवस्थापक आणि बासरीवाली बाई.

मंडळात कालवा झाला. चिकटराव मात्र बादलीकडेच बघत राहिले. कारण ती भिंत त्यांना माहीत होती. मुख्य दारातून आत गेलं की समोर, जिन्याच्या डोक्यावर, दोन माणसं उंच, एक खळगा नाही, एक डाग नाही. गावातल्या सगळ्या भिंती चिकटरावांनी भरल्या होत्या, ही एक सोडून. उलट, तिच्या कोपऱ्यात 'येथे काहीही चिकटवू नये' ही पाटी होती, आणि ती पाटी चिकटवायला बोलावलं होतं चिकटरावांनाच. तेवढ्यापुरते, पाच मिनिटं, पायताण बाहेर काढून. ती पाच मिनिटं त्यांच्या मनात रुतून बसली होती.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "मी देणार आहे एक."

"काय?"

"चित्र. त्या भिंतीला."

बायकोनं हातातलं काम थांबवून पाहिलं. चेहऱ्यावर नेहमीचा तो सगळ्या जगाला आंबट समजणारा भाव होता, पण हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. एवढ्या वर्षांत या माणसानं काही हवं म्हटलेलं तिला आठवेना. "द्या की," ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी चिकटराव इस्त्री केलेल्या कपड्यांत तिसऱ्या रांगेत बसले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई वही-पेन्सिल घेऊन. पडदा सरकला. समोर वीस-बावीस वादक, पुढे बासरीवाली, आणि मागे अगदी कडेला, एका खांबाआड, खर्जवाला. चिकटरावांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. हडकुळा होता. त्यांना जरा वाईट वाटलं. एवढा घुमारा काढणारा माणूस निदान धिप्पाड असायला हवा होता.

वादन सुरू झालं. बासरीवालीनं बासरी ओठांशी धरली आणि सभागृहात एक सूर चढत गेला.

चिकटराव दचकले. मग त्यांनी डोकं वळवून ध्वनिक्षेपकाच्या माणसाला शोधलं.

"शिट्टी मारतंय काहीतरी," ते बायकोच्या कानात म्हणाले.

"काय?"

"यंत्र बिघडलंय. शिट्टी मारतंय. कुणी उठून बघत कसं नाही?"

"अहो, ती बासरी आहे."

"गप्प बस."

वरून व्हायोलिनं आली. चिकटरावांच्या कपाळावर आठी पडली ती पडलीच. एवढा गोंगाट! खर्जवाल्याचा हात हलताना दिसत होता, पण त्याच्यावर या सगळ्यांनी ओरडून ओरडून पांघरूण घातलं होतं. चौतीस वर्षं जे नीट, स्वच्छ ऐकलं होतं, ते आज या लोकांनी बिघडवून ठेवलं. भिंतीसाठी चित्र करायचं तर ऐकायला नको का? ते उठले. रांगेतल्या सहा जणांचे पाय तुडवत बाहेर पडले, इमारतीला वळसा घालून मागे गेले आणि आपल्या जुन्या खोलीत शिरले. तिथे आता केरसुण्या आणि फिनेलचे डबे होते, त्यामुळे दाराला कुलूपही नव्हतं. चिकटरावांनी केरसुण्या बाजूला सारल्या, दगडाला कान लावला, आणि त्यांचा चेहरा निवळला.

हे बरोबर होतं. कार्यक्रम संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

बाराएक दिवस घरात जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगाखालून जुन्या पोस्टरांची भेंडोळी निघाली. चिकटराव अक्षरांमधला काळा तेवढा फाडून काढत. कात्री नाही, बोटांनी. कुणाच्या नावाचा कणा, कुणाच्या आडनावाचा पाय. खालून वर, एकावर एक, जाड, बारीक, पुन्हा जाड, ढोल जिथे पडला तिथे तपकिरी बांधणीच्या कागदाचा ठोकळा. सहा थर, सात थर. ओल्या खळीत बोटं चालताना ते कुणाशी बोलत नसत. बायकोनं एकदा पाहिलं, ते तोंडानं बारीक हुंकार देत होते आणि प्रत्येक हुंकाराला एक तुकडा बसवत होते. हा माणूस असा दिसू शकतो, हे तिला नवीन होतं.

चित्र पुरं झालं तेव्हा दारापासून खिडकीपर्यंत पसरलं. बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय?" चिकटराव म्हणाले.

"चांगलं आहे."

"पण?"

"पण डांबर ओतल्यासारखं आहे. वरचं कुठे आहे?"

"वरचं कोणतं?"

"बासरी. व्हायोलिनं. अर्ध्याहून जास्त गाणं तर यात नाहीच."

"तुला काय कळतं गाण्यातलं?"

बायकोनं सांगून टाकलं. संगीतगृहाकडून चिकटरावांना दर महिन्याला दोन फुकट पास मिळत. ते आल्या आल्या फेकून देत, "केराच्या टोपलीत टाक" म्हणून. टोपलीत ते एकदाही गेले नव्हते. चौतीस वर्षं ती आणि तिची धाकटी बहीण मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या, आणि चिकटराव भिंतीपलीकडे खळ ढवळत होते.

"म्हणजे तू मला न सांगता..."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

त्यांनी काय म्हटलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. चिकटराव चित्राच्या एका कोपऱ्यावरून मुठीची कड फिरवत राहिले, तिथे हवा नसतानासुद्धा.

निवडीच्या दिवशी दालनात नऊ चित्रं उभी केली होती. डॉक्टरीणबाईंचं निळ्या भोवऱ्यांचं, मधे गोळ्यांच्या पाकिटांची चांदी लावलेली बासरी. शिक्षकांचं फुलपाखरू. चिकटरावांचं काळं चित्र भिंतीच्या बरोबर मापाचं होतं, कारण माप त्यांनी डोळ्यांनी घेतलेलं होतं आणि ते चुकत नसे. बाकीची त्या भिंतीवर तिकिटासारखी दिसली असती.

त्याच वेळी खर्जवाला आपल्या वाद्याचं धूड पाठीवर घेऊन सरावाला चालला होता. काळ्या चित्रापाशी तो थांबला. मान तिरकी केली. बोटानं हवेत काहीतरी मोजलं. "अरे," तो म्हणाला, "हा दुसरा भाग. हे माझं आहे सगळं. इथे मी एक सूर चुकलो होतो, तोसुद्धा आहे." आणि चिकटरावांकडे बघून म्हणाला, "हे आजवर कुणीच ऐकलं नव्हतं."

चिकटरावांनी मान हलवली. मग पुढे होऊन त्या धुडासाठी दार उघडून धरलं; असं त्यांनी आजवर कुणासाठी केलं नव्हतं.

पण निवड खर्जवाल्याच्या हातात थोडीच होती. बासरीवाली बाई आली. दोन पावलं मागे जाऊन, दोन पावलं पुढे येऊन तिनं चित्र पाहिलं.

"आणि मी कुठे आहे यात?" तिनं गोड आवाजात विचारलं.

"नाही आहात," चिकटराव म्हणाले.

"का बरं?"

"ऐकू आला नाहीत."

मागून शिक्षकांचा खोकला ऐकू आला. व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी चिकटरावांना कोपरापाशी धरलं आणि खांबाआड नेलं.

"चिकटराव, चित्र दमदार आहे. मापात आहे. मला तेच लावायचंय. पण बाई नाराज झाल्या तर पुढचं वर्षभर मी काय करू? एक पट्टी लावा हो. फक्त एक. पिवळी, सोनेरी, जी काय असेल ती. बासरी म्हणून. उद्या दुपारपर्यंत."

"आणि नाही लावली तर?"

"तर डॉक्टरीणबाईंचं लावावं लागेल. लहान आहे, पण भोवती चौकट मोठी करून घेऊ."

त्या संध्याकाळी चित्र घरी परत आणून चिकटराव दोन खोल्यांत इतक्या चकरा मारत राहिले की खालच्या भाडेकरूनं छताला काठी ठोकली. "बासरी म्हणे! पिवळी म्हणे! उद्या म्हणतील, बाईंचा फोटोच लावा मधे." बायको भाजी निवडत होती. तिनं उठून कपाटातून लेकीनं पाठवलेल्या भेटीचं पिवळं चकचकीत वेष्टन काढलं, सुरकुत्या हातानं सारख्या करून टेबलावर ठेवलं, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

"मी लावणार नाही," चिकटराव म्हणाले.

"नका लावू. डॉक्टरीणबाई लावतील भोवरे."

चिकटराव थांबले. त्या भिंतीवर, त्या दोन माणसं उंच पांढऱ्या भिंतीवर, साबणाच्या आणि गोळ्यांच्या वेष्टनांचा तो संसार त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी वेष्टन उचललं आणि वीतभर लांब, बोटभर रुंद पट्टी फाडली.

आणि इथे त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. खळीत पाणी घातलं. इतकं की खळ म्हणजे नुसतं धुवण झालं. खालच्या कागदावर कुंचा फिरवलाच नाही. पट्टी ठेवली, वरून एकदा थोपटली आणि सोडून दिली. आठ दिवसांत दालनातल्या दिव्यांच्या उष्णतेनं ती सुटेल, पडेल, झाडूवाली उचलून नेईल, आणि चित्र तसंच राहील. बासरीवालीला कळायच्या आत सगळं आटपलेलं असेल. एवढं ठरवून ते, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे, समाधानानं आडवे झाले.

चित्र लागलं. भिंत मिळाली. उद्घाटनाला डॉक्टरीणबाई चार जणांना सांगताना दिसल्या, "पिवळ्याचं आमच्या मंडळातच शिकले ते." बासरीवालीनं चित्रापुढे उभं राहून सगळ्यांना दाखवलं, "ही मी." आणि मग एक अशी गोष्ट झाली की जिचा चिकटरावांनी विचारच केलेला नव्हता. बघायला येणारा प्रत्येक जण आधी त्या पट्टीकडेच बघू लागला. एवढा काळाकभिन्न सात थरांचा डोंगर, आणि माणसं बोट दाखवत त्या वीतभर पिवळ्याकडे. "बघ, अंधारातून कसा सूर निघतो!" एक जण दुसऱ्याला म्हणाला. चिकटरावांनी त्याची टाळू पाहिली. जमिनीवरूनसुद्धा त्यांना ती दिसली.

ते रोज जाऊ लागले. पाचव्या दिवशी पट्टी जागेवर. आठव्या दिवशी जागेवर. दिवे तापत होते, पट्टी चमकत होती. दहाव्या दिवशी आजूबाजूला कुणी नाही बघून त्यांनी नखानं कड उचकटायचा प्रयत्न केला. नख दुखलं, कड हलली नाही.

"अहो काका, हात लावायचा नाही!" दारावरचा माणूस ओरडला. "चित्र खराब होईल."

"मीच केलंय ते."

"सगळे असंच म्हणतात."

घरी आले ते तडक टेबलापाशी. बायको मटार सोलत होती.

"अगं, ती पट्टी पडत का नाही?"

"कोणती?" तिनं मान वर केली नाही.

"पडायलाच हवी होती. मी पाण्यानं लावली होती."

"माहीत आहे मला. बघितलं होतं मी." मटाराची शेंग फुटली. "तुम्ही सकाळी पेपर वाचत होतात, तेवढ्यात मी उचलून पुन्हा लावली. घट्ट खळीनं. आधी खाली, मग वर, मग मधून बाहेर."

चिकटराव खुर्चीत बसले. रागावणं त्यांना सोपं गेलं असतं, पण राग धरायला आधी चूक सापडावी लागते, आणि ज्या हातानं ती पट्टी लागली होती त्या हाताच्या कामात, सगळी ताकद लावून शोधलं तरी, सुटलेली कड त्यांना सापडत नव्हती. शेवटी एक सापडलं.

"वाकडी लागलीये," ते म्हणाले.

"असेल."

"असेल काय? खालच्या टोकाला पुरतं अर्धं बोट. रोज बघतोय मी."

बायकोनं पहिल्यांदा मान वर केली. "बासरी तिरकीच धरतात, अहो. तिसऱ्या रांगेत बसून राहिला असतात, तर दिसलं असतं."

चिकटरावांकडे याला उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं म्हणजे माणूस हरला, असं समजणाऱ्यांबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.